रिकामा पाय

त्या दिवशी मी खडकी बाजारात सायकलच्या ब्रेकची वायर घ्यायला गेलो होतो. एवढंच काम होतं. दोन मीटर वायर आणि ती आवळायला दोन स्क्रू. दुकानदाराने विचारलं, "काका, सायकल कुठली?" मी म्हणालो, "सायकल नाही, विमान आहे." तो हसलाही नाही. वायर मोजता मोजता म्हणाला, "मग दोन मीटर कशी पुरायची?"

वायर कागदात गुंडाळून मी खांद्यावरच्या पिशवीत टाकली. हे नीट लक्षात ठेवा. मीही ठेवलं आहे. नंतर इतक्या गोष्टींची खात्री वाटेनाशी झाली, पण वायर पिशवीत टाकल्याची मला खात्री आहे.

मी बहात्तर वर्षांचा आहे. वायुगतिशास्त्रात डॉक्टरेट केली, बत्तीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत पंखावरून हवा कशी वाहते ते मोजलं, आणि एकदाही स्वतः विमान चालवलं नाही. निवृत्तीनंतर लोणी काळभोरच्या पुढे, उसाच्या रानात असलेल्या एका खासगी धावपट्टीवर मुलांना थिअरी शिकवायला जाऊ लागलो. क्लबचं नाव सांगत नाही, आता तो बंद पडला आहे. दोन हजार सहा-सातचे ते दिवस. वर्षाला दोन-तीन नव्या विमान कंपन्या निघत होत्या. खराडीत शेतं जाऊन काचेच्या इमारती उठत होत्या. ज्यांची शेतं गेली त्यांची पोरं आणि त्या इमारतींत कामाला लागलेली पोरं, दोघंही आमच्याकडे पायलट व्हायला येत.

लायसन्स मिळे. नोकरी मिळत नसे. कंपन्यांना दोन इंजिनांच्या विमानावरचे तास हवे असत, आणि त्या विमानाचा एक तास म्हणजे कॉल सेंटरचा महिन्याचा पगार. पोरांनी त्यावर तोड काढली होती. दोघांनी जोडी जमवायची. एकाने डोळ्यांवर झापड बांधल्यासारखी टोपी ओढून फक्त काटे बघत विमान उडवायचं, दुसऱ्याने शेजारी बसून बाहेर नजर ठेवायची. मग अदलाबदल. खर्च निम्मा निम्मा. जोडी एकदा जमली की दोघांचेही तास पुरे होईपर्यंत मोडायची नाही, असा त्यांचा आपसातला नियम होता.

अभिनव आणि तेजस्विनी ही अशी एक जोडी. अभिनव वर्ध्याकडचा. वडील नव्हते, आई यमुनाबाई गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. तो खराडीत फोनवर अमेरिकेतल्या लोकांच्या शिव्या खाऊन तास जमवत होता. तेजस्विनी खराडीचीच. तिच्या आजोबांनी, गेनबांनी, जमिनीचा शेवटचा तुकडा देऊन तिला पायलट करायला घातलं होतं.

आता एकच गोष्ट समजावून सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन इंजिनांपैकी एक बंद पडलं की विमान त्या बाजूला वळू लागतं. डावं बंद पडलं तर डावीकडे. ते सरळ ठेवायला उजव्या पायाने पेडल दाबून धरावं लागतं, आणि शेपटीवरची हवा तो पाय मागे रेटत असते. त्या वेळी डोकं चालत नाही. घाबरलेल्या माणसाला डावं-उजवं कळत नाही. म्हणून पायाला विचारायचं. जो पाय कष्ट करतोय तो जिवंत. जो रिकामा आहे, त्या बाजूचं इंजिन मेलं. मी मुलांकडून घोकून घ्यायचो, "रिकामा पाय, बंद इंजिन."

हे शिकवायला मी वर्गात प्लायवूडचं एक कॉकपिट बनवलं होतं. दोन खुर्च्या, प्रत्येकीपुढे पेडलांची जोडी. खऱ्या विमानात दोन्ही बाजूंची पेडलं एकमेकांना जोडलेली असतात, एकाने दाबलं की दुसऱ्याचंही तेच खाली जातं, आणि डावं दाबलं की उजवं वर येतं. मी ती ब्रेकच्या वायरीने जोडली होती. भोवती काळं कापड, समोर रंगवलेले काटे आणि टॉर्चचा एक बल्ब. माझी पत्नी श्यामला एकदा बघायला आली होती. म्हणाली, "अहो, गणपतीची आरास झाली. आता विमान कुठे आहे?"

दोन हजार सातच्या दिवाळीत अभिनव माझ्याकडे आला. एका कंपनीची अट होती, एका इंजिनावरच्या सरावाचे सहा तास.

"सर, विमानात सहा तास मले परवडत नाही जी. तुमच्या लाकडी विमानात करतो ना. तुम्ही वहीत ओळींवर सही करून ठेवा, मी भरत जातो."

उड्डाणाच्या तासांच्या नोंदवहीत कोऱ्या ओळीवर आधीच सही करून ठेवायची, हा आमच्या क्लबातला रिवाजच होता. आमचा मुख्य प्रशिक्षक एका विमान कंपनीत तिप्पट पगारावर गेला होता आणि मालक म्हणाले होते, "सर, आपण पीएचडी आहात, आपलीच सही चालेल." मी राजपत्रित अधिकारी होतो, हिरव्या शाईने सही करायची सवय. अभिनवच्या वहीत मी सहा कोऱ्या ओळींवर सहा हिरव्या सह्या केल्या.

माझ्या लाकडी पेडलांना भार नव्हता. दाबलं की लोण्यात बोट जावं तशी जात. दोन्ही पाय सारखेच हलके. रिकामा पाय कुठला, ते त्या कॉकपिटमध्ये कळणं शक्यच नव्हतं. हे मला माहीत होतं. सगळ्या जिल्ह्यात ते सर्वांत चांगलं मलाच माहीत होतं.

डिसेंबरात तेजस्विनी टायफॉइडने पडली होती, म्हणून अभिनव एकटाच दोन इंजिनांचं विमान घेऊन निघाला. जमीन सोडता सोडता डावं इंजिन थांबलं. त्याने डावं पेडल दाबलं. विमान डावीकडे पालथं झालं आणि उसात गेलं. अवशेषांत डावं पेडल पार पुढे वाकलेलं सापडलं, इतक्या जोराने त्याने ते शेवटपर्यंत दाबून धरलं होतं. चौकशीला लोक आले. वहीत सहा तासांचा सराव नोंदलेला, खाली जाणकाराची सही. वैमानिकाची चूक, असं लिहून ते गेले. यमुनाबाई वही आणि त्याचे बूट घेऊन गावी गेल्या. जाताना माझ्या पाया पडल्या.

त्या संध्याकाळी मी पकडीने पेडलांची वायर तोडली, तुकडे फेकून दिले आणि वर्गाला कुलूप लावलं.

एप्रिलमध्ये तेजस्विनी आली.

"सर, कंपनीच्या फॉर्मची तीस तारीख लास्ट आहे. बाकी सगळे अवर्स झाले. फक्त सिंगल इंजिनचे सहा राहिलेत."

"विमानात कर."

"कशाने करू? आजोबांकडे आता विकायला फक्त म्हैस आहे." ती हसली. मग हसू गेलं. "यानंतर कोणी घेणार नाही सर. सगळीकडे भरती बंद होतेय. हे गेलं की मी परत खराडीत, आमच्याच शेतावरच्या बिल्डिंगमध्ये हेडफोन लावून बसणार."

"त्या लाकडाच्या खोक्यावर मी सही देणार नाही."

"अभ्याला दिलीत."

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"मी त्याची पार्टनर होते सर. मला माहीत नसणार?"

म्हणून मी वायर आणायला गेलो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही वर्ग उघडला. पत्र्याचं छप्पर तापून टकटक वाजत होतं. बाहेर उन्हाचा झोत आणि आत बंद खोलीचा कोंदट वास. त्यात अजून एक वास होता, ओल्या उसाचा, नुकत्या मोडलेल्या. शिवारातून येत असेल, असं मी मनाशी म्हटलं. ती डावीकडच्या खुर्चीत बसली, मी उजवीकडे. काळं कापड सोडलं. अंधार झाला, टॉर्चच्या बल्बात काटे तेवढे पिवळे दिसू लागले.

"डावं बंद," मी म्हणालो.

तिने उजवा पाय दाबला. माझ्या बाजूचंही उजवं पेडल खाली गेलं, आणि अर्ध्यावर अडलं. मग हळूहळू, कोणीतरी रेटावं तसं वर आलं.

"सर, लोड येतोय!" तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "कसं केलंत? स्प्रिंग टाकलीत?"

"दाबून धर," मी म्हणालो.

"पाय थरथरतोय... खऱ्या प्लेनसारखाच. सर, तुम्ही पाय काढा ना, तुम्ही डावं दाबताय."

"मी दाबत नाही."

"दाबताय. मला कळतंय."

माझे दोन्ही पाय मी केव्हाच खुर्चीवर, पोटाशी घेतले होते. अंधारात तिला ते दिसत नव्हतं. माझ्यापुढे, रिकाम्या जागी, डावं पेडल खाली जात होतं. थोडं जायचं, थांबायचं, पुन्हा जायचं.

तासाभराने ती घामाने निथळत, खूश होऊन बाहेर पडली. मी मागे राहिलो. पिशवीत चष्म्याचं घर शोधताना हाताला कागदाची पुडी लागली. आत दोन मीटर वायर होती, जशीच्या तशी गुंडाळलेली, आणि दोन स्क्रू.

कापड सोडण्याआधी वायर जोडल्याचं मला आठवत होतं. मी वाकून फळीखाली बघितलं. तिची पेडलं आणि माझी पेडलं यांच्यामध्ये काहीही नव्हतं.

घरी येऊन मी श्यामलाला विचारलं, "मी दोनदा वायर आणली का गं?" ती म्हणाली, "आपण दूध आणायला गेलात की दूध विसरता. वायर दोनदा कुठली आणताय?"

तेव्हाच थांबवायला हवं होतं. पण मी स्वतःलाच समजावण्यात बत्तीस वर्षं घालवलेला माणूस आहे. लाकूड उन्हाने वाकलं असेल. बिजागरी गंजली असेल. दुसऱ्या दिवशी मी बोटं पेडलावर टेकवून बसलो, प्रयोगशाळेत बसायचो तसा, मनातल्या मनात नोंदी करत. हवेचा भार कसा असतो ते मला माहीत आहे. तो सलग असतो, तो थकत नाही. हा भार थकत होता. पाच मिनिटांनी थरथरू लागायचा, क्षणभर सैल पडायचा आणि मग पुन्हा जिवाच्या आकांताने रेटायचा. हवेचा भार थरथरत नाही. पाय थरथरतो.

आणि तो डावाच पाय होता. दर वेळी, डावाच.

चौथ्या दिवशी मी तिला म्हणालो, "तेजस्विनी, आपण थांबू. इथे... काहीतरी बरोबर नाही."

ती खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या आवळत होती.

"मला माहितेय कोण आहे ते," ती हळूच म्हणाली. "तो असाच करायचा. आधी अर्धं दाबायचा, थांबायचा... मग पूर्ण. मी ओरडायचे त्याच्यावर."

"मग बसू नकोस."

"जोडी मोडायची नसते सर." मग नाडीची गाठ मारत, "आणि तीन तास झालेत. तीनच राहिलेत."

मी कापड सोडलं. हे मी केलं. मनात म्हणालो, तो तिला शिकवतो आहे, जे मी त्याला शिकवलं नाही ते. त्याच्या चुकीच्या पायाशी झगडून हिचा बरोबर पाय तयार होतो आहे. किती सुबक तर्क होता. रोज तास संपल्यावर मी तिच्या वहीत एका ओळीवर सही केली. या खेपेला कोऱ्या ओळीवर केली नाही, एवढंच काय ते मी शिकलो होतो.

अठ्ठावीस तारखेला खऱ्या विमानात तिची परीक्षा झाली. बाहेरगावचे परीक्षक आले होते. हवेत त्यांनी डावं इंजिन बंद केलं, आणि विमान रेषेवर ओढल्यासारखं सरळ राहिलं. मी खाली उसाच्या कडेला उभा होतो. माझे ओठ हलत होते, मी काय पुटपुटत होतो आठवत नाही. उतरल्यावर परीक्षक म्हणाले, "पोरीचा पाय लोखंडाचा आहे." मग जरा थांबून म्हणाले, "फक्त तिला सांगा, दोन्ही पायांनी एकदम दाबू नये."

ती विमानाच्या पंखावरून खाली उतरली. उजवा पाय जमिनीवर टेकला. डावा टेकला आणि ती कोसळली.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. नस ठीक, हाड ठीक, ताकद आहे. पण पाय तिचं ऐकत नाही. वैद्यकीय दाखला गेला, त्याबरोबर नोकरी गेली, आणि पुढे महिन्याभरात ती कंपनीच भरती गुंडाळून बसली. गेनबा मला न्यायला घरी आले. दारातच उभे राहिले, चपला काढेनात.

"मास्तर, तुमी लई शिकल्यालं मानूस. पोरीच्या पायाला काय झालंय ते येऊन बगा. डाक्टर म्हंत्यात कायबी न्हाई. आन् काल चार वाजलं तसा पाय चालाया लागला. निस्ता चालतोय म्हंजी काय हाय ह्ये?"

मी गेलो. खराडीत त्यांच्या बैठ्या घरावर शेजारच्या काचेच्या इमारतीचं ऊन परावर्तित होऊन पडतं, सगळ्या भिंती पांढऱ्या होतात. तेजस्विनी खुर्चीत बसली होती, पाय फरशीवर. चार वाजले. डाव्या पायाची बोटं पांढरी पडू लागली. टाच उचलली गेली. पाय फरशी दाबू लागला. आधी अर्धा, मग थांबला, मग पूर्ण. खुर्ची मागे सरकली. गेनबांनी ती धरून ठेवली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ओल्या उसाचा वास आला. त्या घरापासून आता मैलोन्‌मैल ऊस नाही.

"अभ्या, बास ना..." ती म्हणत होती. रडत नव्हती. दमलेल्या माणसाला समजवावं तसं म्हणत होती. "चुकतोय रे. उजवा. उजवा दाब..."

पाच वाजता पाय सुटला.

"सर," ती म्हणाली, "तुमच्याच सह्या आहेत. तुम्हाला माहीत असेल. त्याला अजून किती तास हवेत?"

मी मनात मोजलं. सहा ओळींवर सह्या केल्या होत्या, सहा तास. ते त्याने उडवलेच नव्हते, ते आता उडवतो आहे. लाकडी कॉकपिटातले तिचे होते, हे त्याचे. यात कुठेतरी न्याय आहे असं मला वाटलं. मी म्हणालो, "काल धरून सहा दिवस. मग सोडील." मी ते इतक्या खात्रीने म्हणालो की गेनबांनी माझे हात धरले.

आज सातवा दिवस आहे.

काल सहावा होता. तेजस्विनीने संध्याकाळी फोन केला, आवाजात जीव होता. "झाले सर. सहा झाले."

आज सकाळी पोस्टाने पुडकं आलं. वर्ध्याहून. आत अभिनवची वही आणि शेजारच्या कुणाकडून लिहून घेतलेलं पत्र. 'सर, अभीची वही पेटीत होती. पेटीची किल्ली माह्या गळ्यात राहते. परवा उघडली तं हे नवीन लिहिलेलं दिसलं. मले वाचता येत नाही, पण लेकराचं अक्षर ओळखू येते. कोणं लिहिलं ते तुम्हीच सांगा. वही मले वापस पाठवा. यमुनाबाई.'

मी वही उघडली. माझ्या सहा सह्यांच्या सहा ओळी होत्या तशाच आहेत. त्यांच्याखाली बारा नवीन ओळी, अभिनवच्या बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात. तारीख. चार ते पाच. डावं इंजिन बंद. जोडीदार, तेजस्विनी. लाकडी कॉकपिटातले सहाही तास त्याने धरलेले आहेत. बाराव्या ओळीवर कालची तारीख आहे, आणि यमुनाबाईंनी पुडकं पोस्टात टाकलं तीन दिवसांपूर्वी.

प्रत्येक ओळीपुढे हिरव्या शाईत माझी सही.

मी कोऱ्या कागदावर सही करून शेजारी धरली. तीच. मला स्वतःविषयी शंका घ्यायची सवय आहे, म्हणून पाच वेळा करून बघितली. तीच आहे.

मग मी पुढचं पान उलटलं. ओळी कोऱ्या आहेत, तारीख नाही, तास नाहीत, पण प्रत्येक कोऱ्या ओळीपुढे माझी सही आहे. त्याच्या पुढच्या पानावरही. पुढे पुढे सही कापरी होत जाते, अक्षरं एकमेकांवर चढतात. शेवटच्या पानांवर ती ओळखू येणार नाही इतकी मोडलेली आहे, पण हिरवी आहे, आणि एकही ओळ सुटलेली नाही.

चारला दहा मिनिटं कमी आहेत. टेबलावर फोन ठेवला आहे. तासाभरापूर्वी तेजस्विनीचा संदेश आला आहे. 'सर, आजपासून नाही ना?'

मी अजून उत्तर दिलेलं नाही. खिडक्या बंद आहेत, आणि खोलीत ओल्या उसाचा वास येतो आहे.